नाव नसलेलं पत्र

शाळेचं एक परिपत्रक सापडेना, म्हणून काल ईमेलमधला स्पॅम उघडला. लॉटरी आणि कर्जाच्या जाहिरातींमध्ये अनोळखी पत्त्यावरून आलेलं तीन आठवड्यांपूर्वीचं एक निनावी पत्र पडलं होतं: "बाई, मला वर्गात यायची भीती वाटते. कुणाला सांगू?"

"नाव नाही ना? मग फसवणूकच. उडवून टाक," नवरा म्हणाला.

पण नाव घालू नका, मनातलं मोकळेपणानं कळवा, असं मुलांना मीच सांगितलं होतं. स्पॅम निवडणाऱ्या मशीनला ते कुठून कळणार? मी उत्तर पाठवलं. तेही तिकडे कुठल्या ढिगात पडलं, कोण जाणे.

आज हजेरी घेताना प्रत्येक "हजर, बाई" कान देऊन ऐकलं. आधी एकही आवाज घाबरलेला वाटेना. शेवटच्या नंबरापर्यंत सगळेच घाबरलेले वाटू लागले.