भारतीय होऊ पाहणारा फोन

माझ्या हातून सुधारलेला पहिला फोन सध्या आमच्या बेडरूमच्या दाराला टेकण म्हणून काम करतो. ही हकीकत दुसऱ्याची.

मी मस्कतला, अझैबा भागातल्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. चिपळूणला माझे सासरे मात्र सगळ्यांना सांगतात, "जावई तिकडे आयटीचे हेड आहेत." (खात्यात मी एकटाच असल्यामुळे ते खोटंही म्हणता येत नाही.)

त्या शुक्रवारी चिपळूणला मेहुण्याचा साखरपुडा. वैशालीला, म्हणजे बायकोला, चिपळूणला जायला रजा मिळाली नव्हती. ती व्हिडिओ कॉलवर बघणार होती आणि नेमका तिचा फोन अडखळत होता. मी निदान केलं, फोन मस्कतला घेतलेला, आत गल्फचं सॉफ्टवेअर. भारतातलं घातलं की आपल्या माणसासारखा वागेल!

"कॉलच्या आधी होईल?" वैशालीने विचारलं.

"इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. हो की नाही ते सांगा."

मी हो म्हणालो.

फोनच्या पोटात खोल्या असतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. भारतीय सॉफ्टवेअर आलं ते आंब्याच्या पेट्या आणि फणस घेऊन आलेल्या पाहुण्यासारखं. लॅपटॉपवर लाल अक्षरांत तक्रार उमटली, की सिस्टिमच्या खोलीत जागा कमी आहे. मी केबल बदलली. मावेना. केबल दुसऱ्या भोकात खुपसली. मावेना. मग 'पार्टिशन नव्याने पाडा' अशी एक चौकट दिसली. शेजारी धोक्याची लांबलचक सूचना होती, पण ती वाचत बसणाऱ्यांतला मी नव्हे. (हेड ना!) टिक केली. भिंती गेल्या, खोल्या गेल्या, आणि फोन काळाठिक्कर.

वैशाली पैठणी सावरत समोरच्या रझियाभाभींकडे गेली. भाभी श्रीवर्धनच्या, त्यांनी आपला फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून दिला. वडिलांचा नंबर पाठ होता म्हणून कॉल तरी लागला.

इकडे मला साक्षात्कार झाला, की गल्फच्या फोनचा खोल्यांचा नकाशाच वेगळा असतो. जुनं सॉफ्टवेअर त्याच्या नकाशासकट परत घातलं. फोन उजळला! शुद्ध अरबीत, एकही फोटो नसलेला, पण उजळला. मी तसाच बनियनवर भाभींच्या हॉलमध्ये धावलो आणि ओरडलो, "पार्टिशन झालं!"

स्पीकर चालू होता. चिपळूणच्या सभागृहात कुणीतरी घाबरून विचारलं, "वाटणी? कुणाची?" फोन धरलेल्या मावशींनी दचकून कॅमेरा वर केला. तिकडे अंगठी घातली गेली. इकडे वैशालीने छताचा पंखा पाहिला.

"हे कोण?" नवरीच्या वडिलांचा आवाज आला.

"जावई आमचे. आयटीचे हेड." सासऱ्यांचा आवाज बारीक होता.

"वा! माझाही फोन जरा अडखळतो. मे महिन्यात आले की त्यांना..."

"नको," सासरे म्हणाले. इतक्या तातडीने ते मुलीच्या लग्नालाही हो म्हणाले नव्हते.

हल्ली सासुरवाडीला गेलो की आधी घरातले सगळे फोन कपाटात जातात, मग मला चहा मिळतो.