विडीचा धूर

दाभोसा गावचा तो गवंडी कुणाच्याही घरात शिरला की आधी विडी पेटवायचा. ओढायचा मात्र नाही. धुराकडे बघत खोल्याखोल्यांतून फिरायचा. जव्हारच्या माझ्या नव्या घरात कूलर कुठे बसवावा, हे विचारायला मी त्याला बोलावलं आणि विडी दिसताच ओरडलो, "हे मास्तरचं घर आहे!"

तो विडी विझवून निघून गेला.

मग नाशिकच्या माणसाने कूलर बसवला. खोली गार व्हायच्या ऐवजी दमट झाली, अंथरुणंसुद्धा ओलसर लागायला लागली. शेवटी त्याच तोंडाने मी गवंड्याला परत बोलावलं.

त्याने चपला बाहेर काढल्या, खिशातून उदबत्ती काढून पेटवली. धूर खोलीतच घुटमळत राहिला.

"वाऱ्याला भायेर जायाला वाटच नाय, गुरुजी." आणि हातातली उदबत्ती दाखवत त्याने भीत भीत विचारलं, "ही चालंल ना?"