केनवडचा अकरावा डबा

अकोल्याहून मालेगावची मोटार सुटली, तेव्हा माझ्या पायाशी सिनेमाच्या रिळांचे अकरा डबे होते आणि अंगात नवा कोट. गोष्ट पन्नासच्या दशकातली. चित्रपट खेड्यातल्या तंबूपर्यंत पोचवायचा, एक खेळ करायचा आणि डबे परत आणायचे, एवढंच माझं काम. पण व्हिजिटिंग कार्डावर ‘कंपनी प्रतिनिधी’ असं छापलं होतं, त्यामुळे मान ताठ. या प्रवासाचं वर्णन मी तेव्हाच पुण्याच्या एका मासिकात छापून आणलं. त्यातलं सगळं खरं होतं, एक वाक्य सोडून.

चित्रपट विनोदी होता. पोरगा पंजाबी, पोरगी बंगाली. दोन्ही बापांना एकमेकांच्या स्वयंपाकघराची किळस. शेवटच्या रिळात दोघे एका ताटात जेवतात आणि लग्न लागतं.

मालेगावला तंबूचा ऑपरेटर अप्पाराव बंडी (बैलगाडी) घेऊन उभा होता. मूळचा राजमहेंद्रीकडचा तेलुगू, पण वऱ्हाडात सहा वर्षं मुरलेला. मैलभर जातो न जातो तोच त्याने सांगून टाकलं की, ज्यांच्या वावरात (शेतात) तंबू ठोकलाय, त्या शामरावांच्या रुख्माशी त्याला लग्न करायचंय. रुख्मा राजी होती. बाप अडून बसला होता.

“का बरं?”

“म्हन्ते, वरनात चिंच टाकनाऱ्याले पोरगी देनार नाई. मी भाकर थापाले शिकलो साहेब, तरी नाई! आज पिच्चर पाहाले येऊन राह्यले. शेवट पाह्यला की इरघळतीन.”

वाटेत एका शेतकऱ्याने हुरड्यासाठी अडवलं. “बसा ना साहेब, लाजून काहून राह्यले?” ओल्या मातीत कोट खराब होईल म्हणून मी बंडीतला एक डबा काढला आणि त्यावर बसलो, पेटत्या आगटीपासून दोन हातांवर. सिनेमाची फीत भुर्रकन पेट घेते, हे मला ठाऊक होतं.

“साहेब, उठा त्यावरून,” अप्पाराव म्हणाला.

“प्रतिनिधी कोण, तू की मी?”

हुरडा झकास होता. लसणाच्या चटणीबरोबर इतका हाणला की उठलो तो थेट बंडीत आडवा झालो.

केनवडला दिवेलागणीला खेळ सुरू झाला. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. शामराव सगळ्यांपुढे स्वतःच्या बाजेवर. माशाच्या वासाने पंजाबी बाप टेबलावर चढला, तेव्हा शामराव इतके हसले की पटका सुटून मांडीवर आला. दहाव्या रिळाच्या शेवटी तर ते ओरडलेच, “आता तं देऊन टाक ना बे पोरगी!”

बायांकडून आवाज आला, “अन् तुमी कवा देता, भाऊजी?”

अख्खा तंबू हसला. शामरावही हसले. “पाहू दे शेवट, मंग सांगतो!”

दिवा लागला. अकरावा डबा नव्हता.

शिट्ट्या झाल्या, ढेकळं आली. शामरावांनी हात वर करून लोकांना गप्प केलं. “साहेब, डबा कोनं हरवला?”

अप्पारावाने माझ्याकडे पाहिलं. मी कुठे बसलो होतो, हे त्याला माहीत होतं. आणि माझ्या एका तक्रारीने त्याची नोकरी जाईल, हेही. मी कोट झटकला आणि म्हणालो, “डबे ऑपरेटरच्या ताब्यात असतात.” मासिकातलं खोटं वाक्य हेच.

अप्पाराव खाली वाकून उरलेले दहा डबे रचू लागला. शामराव पटका बांधत उठले. “चिंचेचं मी पोटात घातलं असतं, बापा. पन ज्याले एक डबा सांबाळता येत नाई, तो मायी पोरगी काय सांबाळीन?”

दुसऱ्या दिवशी मालेगावच्या मोटारस्टँडवर तो हुरड्याचा शेतकरी धापा टाकत आला. “साहेब, तुमचा पाट राह्यला होता ना! बुढीनं त्यावर पापड वाळाले घातले होते.” मला सोडायला आलेली केनवडची बंडी अजून तिथेच होती. बंडीवाल्याने विचारलंही, “मंग? फिरवू का मांगं?”

मोटारीचा भोंगा वाजला. मी डबा घेतला आणि मोटारीत चढलो. परत आल्यावर अकराच्या अकरा डबे जमा केले. कंपनीने शाबासकी दिली. वर्षभराने कळलं, रुख्माला मेहकरकडे दिली आणि अप्पाराव तंबू सोडून गेला.

शामराव, तो डबा मी विसरलो होतो. सिनेमातल्या दोन बापांना एका ताटात बसवायला अकरा रिळं लागली. तुम्ही दहातच येत होतात. अकराव्यावर मी बसलो होतो.