उतरायची राहिलेली गाठ

धसईला आमच्या ओटीवर सकाळी बायका पोरं घेऊन बसलेल्या असत. पोराचा घास अडकला, खोकला उठला, की पडजीभ पडली म्हणायचं, आणि ती उचलावी तर माझ्या आईनंच. ती अंगठ्याला मीठ लावायची, पोराचं डोकं काखेत दाबायची आणि एका दमात पडजीभ वर ढकलायची. पोर बोंबलायचं, चावायचं. "चाव, चाव, दात तरी मोजू दे," आई म्हणायची, आणि ओटी हसायची. जाताना कोणी काकडी ठेवी, कोणी मूठभर वाल. साठ वर्षं झाली, पण ती ओटी आठवली की जीव अजून तिकडे धावतो.

मला मात्र तो अंगठा आठवड्याला भोगावा लागे. चौदाव्या वर्षी मी दहाची दिसायचे. आवाज तोंडात भाताचा गोळा ठेवल्यासारखा. घास गिळता गिळेना. आणि झोप तर विचारू नका! भातलावणीत वाकल्या वाकल्या डोळा लागायचा. "खायला काळ नि भुईला भार," म्हणत आई पाठीत धपाटा घाली. मीही काही गरीब गाय नव्हते, उलटून बोलायचे. पण तेही इतकं सावकाश, की माझं बोलणं संपेपर्यंत आई दुसऱ्या बांधावर पोचलेली असायची.

म्हसा गावची जत्रा तोंडावर आली होती, तेव्हा एकदा आईचा अंगठा रक्तानं भरून बाहेर आला. तिनं मला उन्हात नेऊन आ करायला लावलं. पाहते तर पडजीभ जागच्या जागी, आणि जिभेच्या मुळाशी बोराएवढी लाल गाठ! महिनोन् महिने ती पडजीभ समजून हीच दाबत होती. "आगो बाय," एवढंच म्हणाली आणि रक्ताळलेला अंगठा पदराला पुसला.

शहापूरच्या डॉक्टरांनी गाठ कापायला मुंबईची चिठ्ठी दिली. जत्रा बुडाली म्हणून मी वाटभर धुसफुसत होते. इस्पितळात कापायचा दिवसही ठरला. आदल्या दिवशी एक म्हातारे डॉक्टर आले. त्यांनी तोंडात पाहिलं, मग बराच वेळ माझा गळा चाचपला. "गीळ," म्हणाले. पुन्हा चाचपला. मग आईला म्हणाले, "बाई, माणसाच्या गळ्यात इथं थायरॉइड नावाची ग्रंथी असते. अंगाची वाढ, ऊब, तरतरी सगळं तिच्या हाती. मूल पोटात असताना ती जिभेच्या मुळाशी तयार होते आणि मग खाली गळ्यात उतरते. हिची उतरलेलीच दिसत नाही. गळ्यात काही लागत नाही. ही गाठ हीच हिची ग्रंथी असेल, तर कापल्यावर हिच्याजवळ काहीच उरणार नाही."

कापणं थांबलं. तपासण्या झाल्या आणि त्यांचंच खरं निघालं. ग्रंथीची उणीव भरून काढणाऱ्या गोळ्या द्यायच्या, त्यानं गाठही आकसेल, असं ठरलं.

आईनं पदराआडून विचारलं, "मी दाबली, त्यानं झाली का हो?"

"नाही. जन्माचीच आहे."

आईचा जीव भांड्यात पडला. पण लगेच तिनं दुसरं विचारलं, "आन् हिचा आळस?"

"आळस नाय तो," डॉक्टर तिच्यासारखंच बोलले. "ही ग्रंथी हिला पुरत नाही. पोर जेवढं काम करत होती, तेवढं अंगातलं होतं नव्हतं ते काढून करत होती."

परतताना आम्ही कल्याणहून एस्टीत बसलो. गाडी सुटली, रायते मागे पडलं, तेव्हा तिनं मला जवळ ओढलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "किती मारलं गो मी तुला," म्हणाली, आणि चारचौघांत ढसाढसा रडायला लागली.

उलटून बोलायला त्याहून चांगली वेळ मला आयुष्यात मिळाली नसती. पण मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. मुरबाड येईस्तोवर ती माझी पाठ चोळत होती. पाठ दुखत नव्हती. तरी मी तिला थांब म्हटलं नाही.