बेलभंडारा आणि एक कोरा पेपर

विद्यार्थी चळवळ कशी उभी करावी, यावर मी आजही तासभर बोलू शकतो. लोक बोलावतातही. माझी चळवळ एका मुलीच्या शून्य मार्कांवर उभी राहिली, एवढं सोडून बाकी सगळं मी त्या भाषणात सांगतो.

ऑनलाइनची वर्षं संपली आणि आमचं हिंगोलीचं कॉलेज उघडलं, पण रसायनशास्त्राची प्रयोगशाळा काही उघडली नाही. चावी शिपायाकडे, शिपाई रजेवर, आणि सर म्हणायचे, प्रयोग वहीत झाले म्हणजे झाले. वह्या आम्ही वरच्या वर्गाच्या पोरांकडून आणून उतरवायचो, त्यांनीही तशाच उतरवलेल्या. वर्षाच्या शेवटी बाहेरून परीक्षक यायचे. त्यांच्यासाठी वसमतकडच्या पोरांनी हळद आणायची, तांड्यावरच्या पोरांनी गावरान कोंबड्या. कोंबडी शिजली की मार्क शिजले, असं कँटीनवाला म्हणायचा.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं की हे बंद पाडायचं. खोटं कशाला बोलू, रागही होता आणि पुढारी व्हायची हौसही होती. हौस जरा जास्तच. बेत सोपा होता. यंदा कोंबडी नाही, आणि प्रात्यक्षिकाच्या पेपरवर सगळ्यांनी एकच ओळ लिहायची, ‘प्रयोगशाळा उघडा’. बाकी कोरा. अख्ख्या वर्गाला नापास करायची कुणाची टाप आहे?

पोरं माझ्यासमोर हो म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी तोंड चुकवायची. तेव्हा मला बेलभंडारा सुचला. आमच्याकडे गावात भांडण तुटत नसलं की अजूनही बेलाचं पान आणि हळद हातात देऊन शपथ घ्यायला लावतात. खोटा बेलभंडारा उचलला तर घर बसतं, असं जुनी माणसं सांगतात. माझे वडील शाळामास्तर, देवधर्म न मानणारे. शपथ म्हणजे थोतांड, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी मानत नव्हतो, म्हणूनच तर तो दुसऱ्यांना उचलायला लावायचं माझ्या डोक्यात आलं. परीक्षकासाठी आणलेलीच हळद एका ताटात ओतली, कॉलेजमागच्या झाडाची पानं वर ठेवली आणि एकेकाचा हात धरून त्यावर टेकवला. शेवटी माझाही.

वर्गात एक मुलगी होती, कळमनुरीकडच्या तांड्यावरची. पाठ्यपुस्तक खरंच वाचणारी ती एकटीच. आमच्या उतरवलेल्या वह्यांत एक आकडा कित्येक वर्षं चुकत आलाय, हे तिनं शोधून काढलं होतं आणि त्यावरून आम्ही तिची थट्टाही केली होती. तिचा बाप दरसाल ऊसतोडीला जायचा. त्यानं लेकीला बजावलं होतं की पास होशील तोवर शीक, एकदा नापास झालीस की लग्न आणि नवऱ्याबरोबर फडात. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोरीला तिथे कुणी धरत नाही. हे सगळं तिनं मला ताटावर हात ठेवण्याआधी सांगितलं. मला तेव्हा वर्ग भाऊ म्हणायचा, तीही म्हणायची. मी तिला म्हणालो, एवढे सगळे असताना तुला एकटीला कोण हात लावतो? तिनं हात ठेवला.

परीक्षेला दहा-दहा जणांच्या तुकड्या होत्या. मी पहिल्या तुकडीत. परीक्षक साठीकडे झुकलेले, चष्मा पुसत बसलेले. त्यांना सगळा बेत आधीच कळला होता. ते हळूच म्हणाले की बाहेर काय सांगायचं ते सांगा, इथे लिहा, मी काही पाहिलं नाही. मला वडिलांचा चेहरा आठवला, पुढची नोकरी आठवली, आणि मी लिहिलं. उतरवलेलंच लिहिलं, चुकीच्या आकड्यासकट. बाहेर येऊन मूठ उंचावली आणि ओरडलो की कोरा दिला. माझ्यामागून आलेल्या नऊ जणांनीही मुठी उंचावल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

शेवटच्या तुकडीत ती होती. तिच्या पेपरवर एकच ओळ होती.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी तिला बोलावलं. वर्गात कोरा पेपर तुझा एकटीचा आहे, माफीनामा दे, गैरहजर दाखवून पुन्हा परीक्षा घेऊ, असं त्यांनी सांगितलं. मार्क विद्यापीठाला पाठवायला दोन दिवस होते. खरं सांगायचं तर त्या कॉलेजात तिच्याशी सरळ वागलेला माणूस तेवढा एकच. ती माफीनाम्याचा कागद घेऊन माझ्याकडे आली, कँटीनच्या मागे.

“भाऊ, तुमी कोरा दिला व्हता ना?”

“व्हय,” मी म्हणालो. “सगळ्यांनी दिला. ते फूट पाडून राहिले. तू माफी मागितली तर चळवळ संपली समज.”

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कागदाची घडी घातली आणि गेली. मी कँटीनमध्ये जाऊन चहा मागवला.

तिला शून्य आलं. बाकी आम्ही सगळे पास. आता मी काय केलं ते सांगतो. तिच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून बॅनर छापला, खाली ‘सूडबुद्धीचा बळी’. तहसीलवर मोर्चा काढला. औंढ्याची, सेनगावची पोरं आली, डोंगरकडा गावाहून जीप भरून आली. तिच्या फोटोला पाहून लोकांना जी चीड आली, ती माझ्या सगळ्या भाषणांनी मिळून कधी आली नव्हती. पंधरा दिवसांत प्रयोगशाळा उघडली, आमच्या विद्यार्थी संघटनेच्या शाखा चार तालुक्यांत गेल्या आणि मी अध्यक्ष झालो. मोर्चाच्या दिवशी तिच्या हळदीचा मांडव पडला होता, हे मला ठाऊक होतं. निमंत्रण आलं होतं. वेळ मिळाला नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात ती मला हिंगोलीच्या बसस्थानकावर दिसली. कडेवर लेकरू, पायाशी पत्र्याची पेटी. फड आटोपून माहेरी निघाली होती. हात पाहवत नव्हते. मी जवळ गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या देईल, निदान रडेल.

“मला त्याच दिशी माहीत व्हतं,” ती म्हणाली. “माझा पेपर झाल्यावर पैल्या तुकडीतल्या पोरीनं सांगितलं व्हतं. म्हनून तर तुला इचारलं.”

आता मी तू झालो होतो.

“मंग माफीनामा काहून न्हाई दिलास?”

“दोन दिवस कागद हातात घेऊन बसले व्हते. म्हटलं, तू येशील. तू यून प्राचार्याला सांगितलं असतं की बेत तुझा व्हता, हात साऱ्यांनी ठेवला व्हता, तर दोष साऱ्यांवर आला असता, मला एकटीला माफी मागायची गरज न्हवती.” तिनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. “जाऊ दे. ह्ये मला सांगू नको. माझ्या बापाला सांग. तो अजून साऱ्या तांड्याला सांगत असतो, लेक ढ व्हती, उगंच शिकवली. म्हनून धाकटीला त्यानं सातवीतूनच काढलं.”

तिची बस लागली. पेटी मी उचलायला गेलो, तर तिनं कंडक्टरला हाक मारली.

तांडा इथून बसनं तासाभराच्या अंतरावर आहे. म्हातारा अजून आहे. धाकटी आता पंधरा वर्षांची असेल, आणि सांगितलं तर कदाचित तिला पुन्हा शाळेत घालता येईल. मी अजून गेलेलो नाही. हे लिहायला मात्र बसलो.