बटाट्यावर विश्वास नसलेले मामा

शेजारच्या मामांनी जगात सगळ्यांवर विश्वास ठेवला, फक्त बटाट्यावर ठेवला नाही. हे मला कळलं ते आमच्या वाईट दिवसांत. बाबांची कंपनी बंद पडून ते घरी बसले होते. आई कांजूरमार्ग स्टेशनबाहेर वड्यांची गाडी लावायची आणि मी कॉलेजला जाण्याआधी बटाटे सोलायचे. आमच्यात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे घरात माझा शब्द शेवटचा. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे, पण त्या शब्दानेच एकदा आमची वाट लावत आणली होती.

मामा मंचरकडचे. आधी बटाट्याची शेती, मग बाजारात बटाट्याच्या गोण्यांची हमाली. गोणी न उघडता वरून वास घेऊन ते आतली बातमी सांगत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा बटाट्याची भाजी आधी नाकाजवळ नेत, त्यावरून मुलीचे वडील एकदा चांगलेच भडकले होते. गॅलरीत रंगाच्या डब्यांत त्यांनी बटाटे लावले होते. एका झाडाचं खोड मातीलगत काळं पडलेलं दिसताच मामांनी हातांना पिशव्या बांधून तो डबाच्या डबा उचलून नेला आणि परत येऊन कोपरापर्यंत साबण लावला.

"अहो मामा, एकच तर झाड!"

मामा मला कॉलेज म्हणूनच हाक मारत. "बियाण्याचा बटाटाच आजारी होता गं कॉलेज. तिथून रोग खोडात चढला, आता खाली नव्या बटाट्यांत उतरणार. पाणी उडालं की शेजारच्या डब्यात. माणसं शेजारी जायला लाजतात, हा नाही लाजत."

मी हसले होते.

पुढे एका कंपनीच्या कँटीनने आईला सोमवारी सकाळी नमुन्याचे वडे आणायला सांगितलं. पसंत पडले तर रोजचं काम. शनिवारी सकाळी आठवड्याच्या गाडीसाठी आणि नमुन्यासाठी मिळून दोन गोण्या आल्या. आमच्याकडे पाणी यायचं तासभर, सोमवारी धुवायला वेळ कुठला? मी नळ चालू होता तेवढ्यात सगळे बटाटे एकाच पिंपात स्वच्छ धुतले, ओलेच गोण्यांत भरले, तोंडं बांधून कॉटखाली सारले. आईला म्हटलं, "याला हायजीन म्हणतात."

रविवारी दुपारी मामा पेपर मागायला आले आणि दारातच थांबले.

"वहिनी, गोणी सोडा."

आईने हात घातला तो मनगटापर्यंत लगद्यात गेला. वरून साल शाबूत, आत पेज. ती खालच्या बटाट्यांवर ठिबकत होती. पुन्हा दोन गोण्या आणायची ऐपत नव्हती.

"कुणी धुतले?"

"मी."

"एका पाण्यात? म्हणजे एका आजाऱ्याच्या पाण्यात सगळ्यांना आंघोळ घातलीस. वर ओल्यानेच कोंडलंस."

हेच मी परीक्षेत लिहिलं होतं! ओलीने बटाट्याची श्वासाची छिद्रं बुजतात, जीवाणू तिथून, जखमांतून शिरतात, पेशींच्या भिंती विरघळवतात. आकृतीसकट.

"मला येतं हे सगळं, मामा."

"मग पिंपाजवळ का नाही आलं?"

कॉट उभी केली, पंखा सोडला, जमिनीवर पेपर पसरले. मामा एकेक बटाटा दाबणार, हुंगणार. कडक तो पुसून वाऱ्यावर, एकमेकांना न लावता. सडक्याला चिकटलेला पण टणक, तो वेगळा, सोलून लगेच बघायचा. आणि सडक्याला हात लावणाऱ्याने चांगल्याकडे फिरकायचं नाही. बाबांना सडक्या खात्यात नोकरी लागली. कंपनी बंद पडल्यापासून त्यांना इतकं मन लावून काही करताना मी पाहिलं नव्हतं.

"हात! हात बघ!" मामा माझ्यावर ओरडले. मी चुकून बाबांची सडक्यांची पिशवी धरली होती. लगेच साबण.

एक गोणी जवळजवळ गेली. दुसऱ्या गोणीकडे सगळ्यांचे डोळे.

"पुरतील का हो भाऊ?" आईने विचारलं.

मामांनी बटाटा नाकाशी धरला, बराच वेळ. "हा घ्या. पुरवू."

सोमवारी उकडायच्या आधी त्यांनी सगळे पुन्हा हुंगले. मग आमच्याबरोबर कँटीनच्या फाटकापर्यंत आले आणि बाहेरच थांबले. आत मॅनेजरने वडा मोडला, खाल्ला, दुसरा घेतला. मी धावत सांगायला गेले, तर मामा फाटकाकडे पाठ करून उभे होते. "झालं ना? चला मग," एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

मामा आता लेकीकडे कांदिवलीला असतात. गुडघे गेलेत, तरी मी भेटायला गेले की जिन्यापर्यंत सोडायला येतात. भिंतीपलीकडे नवं बिऱ्हाड आलंय. माणसं चांगली आहेत, न विचारता आत येत नाहीत, आणि तेच चुकल्यासारखं वाटतं. कँटीनचं काम आईकडे अजून आहे. मी बी.एस्सी. झाले, आता एका प्रयोगशाळेत नोकरी करते.