नाव नसलेला निबंध

लोर्ना पेटकाऊ विनिपेगच्या एका विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचं ऑफिस सांभाळते. सव्वीस वर्षं झाली. दर सोमवारी सकाळी ती मुलांना एक मेल पाठवते: या आठवड्यात कुणाचं व्याख्यान, कुठे निबंधस्पर्धा, कुठल्या उन्हाळी वर्गाची मुदत संपतेय. हा मेल कुणी वाचत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. एकदा तिने मधेच कोबीच्या सूपची कृती घालून पाहिली. कुणी हूं की चूं केलं नाही! मात्र विषयाच्या ओळीत ‘व्याख्यानानंतर सँडविच’ असं लिहिलं, की हीच मंडळी दहा मिनिटं आधी हजर.

तत्त्वज्ञांविषयी तिचं मत साधं होतं. माणसं गुणी, पण दार ओढायचं की ढकलायचं यावरसुद्धा यांची बैठक बसेल. त्यांचं लिखाण तिने कधी वाचलं नाही. पोस्टमनने लोकांची पत्रं फोडू नयेत, असं ती म्हणे.

फेब्रुवारीत व्हँकूव्हरला विद्यार्थ्यांची परिषद होती. विभागातून एकालाच पाठवायचं होतं. परीक्षकांनी तोंड पाहून टिळा लावू नये म्हणून नियम असा, की निबंधावर नाव नको. नाव वेगळ्या कागदावर. ऑफिसबाहेरच्या पेटीत सहा निबंध आले. त्यातला एक सगळ्यांना एकमताने आवडला, आणि या विभागात एकमत म्हणजे अजबच. पण त्याच्यासोबत वेगळा कागदच नव्हता. कुणा भाबड्या जिवाने नियम इतका मनावर घेतला होता, की नाव कुठेच ठेवलं नव्हतं.

“पण मुळात निबंधाला लेखक असतो, हे आपण का धरून चालतो?” प्रोफेसर थोरलाक्सन दाढी कुरवाळत म्हणाले.

“कारण विमानात निबंध बसत नाही, प्रोफेसर. माणूस बसतो,” लोर्ना म्हणाली.

शुक्रवारी दुपारपर्यंत नाव कळवायचं होतं. नाहीतर दुसऱ्या नंबरचा जाणार. लोर्नाने सोमवारच्या मेलमध्ये लाल अक्षरांत विचारलं, हा निबंध कुणाचा? कोण येतंय डोंबल! शेवटी गुरुवारी दुपारी कॉफी घेऊन ती स्वतःच निबंध वाचायला बसली.

पहिलं पान डोक्यावरून गेलं. दुसऱ्या पानावर एक वृद्धाश्रम आला. तिथली एक म्हातारी रोज चार वाजता विचारते, “गाईंची धार काढून तो आला का? बूट बाहेर काढायला सांगा.” तिथल्या मुली म्हणतात, “येतीलच हं, आजी,” आणि म्हातारी सुखाने जेवते. रविवारी तिची मुलगी येते. ती म्हणते, “आई, बाबा गेले. नऊ वर्षं झाली.” आणि म्हातारी दर रविवारी नव्याने रडते.

लोर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हातारी तिची आई होती. रविवारची मुलगी ती स्वतः होती. आणि लिहिणारी कोण, हेही तिला त्याच क्षणी कळलं; विभागातली एकच मुलगी त्या वृद्धाश्रमात काम करत होती. निबंध टोपलीत टाकावा आणि दुसऱ्या नंबरचं नाव कळवून मोकळं व्हावं, असं तिला अगदी वाटून गेलं. कुणाला कळणार होतं? तरी तिने शेवटचं पान उलटलं.

‘आम्ही गोड खोटं बोलतो,’ तिथे लिहिलं होतं, ‘कारण आठ तासांनी आम्हाला घरी जायचं असतं. मुलगी खरं बोलते, कारण तिच्या लेखी म्हातारी अजून पेशंट नाही, आई आहे.’

लोर्नाने कोट चढवला आणि गाडी काढली.

मारिसेल दुमलाव दुसऱ्या वर्षाला होती. वर्गात शेवटच्या बाकावर बसे, तोंडातून शब्द काढत नसे. इथे वृद्धाश्रमात निळ्या गणवेशात ती लोर्नाच्या आईला चमच्याने सूप भरवत होती.

“काय गं, पहिला आला तुझा निबंध, नाव कुठाय त्यावर?”

मारिसेल दचकली. “मॅम, ओळख पटेल असं काही नको म्हणाले होते ना?”

“वेगळ्या कागदावर लिहायचं होतं! तीनदा लिहिलंय मी मेलमध्ये.”

“मी... विषयाची ओळच वाचते फक्त.”

“तू पण!” लोर्ना खुर्चीत बसली. “आणि ओळख नको म्हणे! माझी आई अख्खीच्या अख्खी घातलीस की त्यात.”

मारिसेलचा चेहरा उतरला. “रागावलात?”

“रागावले होते. शेवटच्या पानापर्यंत.” तिने आईची शाल सारखी केली. “खरंच तसं वाटतं तुला?”

“हो, मॅम.”

तेवढ्यात म्हातारीने लोर्नाचा हात धरला. “तो आला का गं?”

लोर्ना आईकडे वळली. सव्वीस वर्षं माणसांना वाद घालताना ऐकलं होतं, त्यातलं एक वाक्य कामाला येईल तर शपथ.

“आलेत, आई,” ती म्हणाली. “बूट काढतायत.”

म्हातारीने समाधानाने चमच्यापुढे तोंड उघडलं.

“अहो मॅम!” मारिसेल कळवळून म्हणाली. “तुम्हीच असं बोललात, तर मी व्हँकूव्हरला काय सांगू?”

“ते तू आणि प्रोफेसर थोरलाक्सन बघून घ्या,” लोर्ना डोळे पुसत म्हणाली, आणि पर्समधून कागद काढून तिच्यापुढे ठेवला. “आधी इथे नाव लिही.”